ध्रुवाची क्षेत्रभेट : बर्फावरून वर्गापर्यंत, आणि वर्गातून परत बर्फावर

१/
१४ फेब्रुवारी १९१३. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये कॅप्टन रॉबर्ट स्कॉट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांसाठी शोकप्रार्थना चालू होती. राजे पाचवे जॉर्ज स्वतः उपस्थित होते. त्याच दिवशी शहरातील प्राथमिक शाळांमध्ये शिक्षक मुलांना एक गोष्ट वाचून दाखवत होते. गोष्ट होती दक्षिण ध्रुवाची, हिमवादळाची आणि तंबूत मरण पावलेल्या वीरांची. पृथ्वीच्या दक्षिण टोकावर जे घडले, ते हजारो मुले आपापल्या बाकावर बसून एकाच दिवशी ऐकत होती. ध्रुव वर्गात आला होता, पण मृत्युवार्तेच्या रूपाने.

२/
त्या दिवसांच्या कथनात धैर्य, त्याग आणि राष्ट्राभिमान यांना मानाचे स्थान होते. एक तपशील मात्र कडेला राहिला. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स यांचा तंबू सापडला, तेव्हा त्यांच्या स्लेजवर सुमारे ३५ पौंड, म्हणजे जवळजवळ १६ किलो दगड होते. परतीच्या वाटेवर, अन्न आणि बळ दोन्ही आटत असताना, बिअर्डमोर हिमनदीच्या परिसरात त्यांनी ते गोळा केले होते. स्लेज स्वतःच ओढायची होती आणि प्रत्येक पौंड पायांना जाणवत होता. तरीही ते दगड त्यांनी अखेरपर्यंत टाकले नाहीत.

३/
त्या दगडांत पानांचे ठसे होते. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट सीवर्ड यांनी १९१४ मध्ये त्यांची ओळख पटवली : ग्लॉसॉप्टेरिस, जिभेच्या आकाराची पाने असलेली, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेली वनस्पती. आज जिथे गवताचे पातेही उगवत नाही, तिथे एकेकाळी अरण्य होते, याचा तो पुरावा होता. या पानांचे आपल्या मातीशी जवळचे नाते आहे. ते कसे, हे धाग्याच्या शेवटी सांगतो. तूर्त एवढेच लक्षात ठेवू, की १९१३ च्या वर्गात वीर पोहोचले. दगड पोहोचायचे राहिले.

४/
आज शाळेतला एखादा वर्ग पडद्यावर थेट अंटार्क्टिकातील संशोधकाशी बोलतो, तेव्हा त्याला आपण ‘आभासी क्षेत्रभेट’ म्हणतो. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला ‘क्षेत्रभेट’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. सहलीला जाताना डबा आणि पाण्याची बाटली पुरते. क्षेत्रभेटीला निघण्याआधी प्रश्नावली तयार करावी लागते. ध्रुवीय विज्ञान वर्गात कसे आले, या शतकभराच्या इतिहासाकडे मी याच कसोटीवर पाहणार आहे. पडद्यावर काय दिसले, हे तर पाहूच. पण मुलाचा प्रश्न बर्फापर्यंत पोहोचला का, हे विचारायला विसरायचे नाही.

५/
आधी स्कॉट यांच्याच मोहिमेकडे वळू. १९१० मध्ये निघालेल्या ‘टेरा नोव्हा’ मोहिमेला पैशांची चणचण होती. ब्रिटनमधील अनेक शाळांनी वर्गणी काढून तिला तट्टे, कुत्री, स्लेज, तंबू आणि झोपायच्या पिशव्या मिळवून दिल्या. कोणती वस्तू कोणत्या शाळेची, याची नोंदही ठेवली गेली. आपल्या शाळेचे तट्टू बर्फावर चालते आहे, ही कल्पना त्या मुलांना किती रोमांचक वाटली असेल! शाळा आणि ध्रुव यांच्यातला हा एक जुना धागा. पण त्या धाग्यावरून वस्तू गेल्या आणि नावे गेली. मुलांचे कुतूहल किनाऱ्यावरच थांबले.

६/
चित्रे मात्र परत आली. मोहिमेसोबत हर्बर्ट पाँटिंग हे व्यावसायिक छायाचित्रकार गेले होते. काचेच्या पट्ट्या आणि चलच्चित्राचा कॅमेरा सांभाळत त्यांनी पेंग्विन, सील, हिमनग आणि माणसांचा दिनक्रम टिपला. पुढे १९१४ पासून लंडनमध्ये त्यांची सचित्र व्याख्याने झाली आणि १९२४ मध्ये ‘द ग्रेट व्हाइट सायलेन्स’ हा मूकपट आला. ज्यांनी आयुष्यात कधी समुद्रही ओलांडला नव्हता, त्यांना अंटार्क्टिका दिसले. अंधाऱ्या सभागृहात प्रकाशाचा झोत आणि पडद्यावर बर्फ. आभासी सहलीची ही पहिली पिढी. तिचे सौंदर्य निर्विवाद होते. पण चित्राला काही विचारता येत नव्हते.

७/
मग एखाद्या मुलाला खरोखर ध्रुवाकडे जायचे असेल तर? मार्ग एकच : लाखांतून निवडले जाणे. १९२१ मध्ये शॅकल्टन यांच्या ‘क्वेस्ट’ मोहिमेसाठी सुमारे १,७०० बालवीरांतून दोघे निवडले गेले, जेम्स मार आणि नॉर्मन मूनी. समुद्र न मानवल्यामुळे मूनी यांना वाटेतूनच परतावे लागले. मार टिकले. ते पुढे सागरी जीवशास्त्रज्ञ झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘ऑपरेशन टॅबरिन’ या ब्रिटिश अंटार्क्टिक मोहिमेचे नेतृत्वही त्यांनी केले. एका मुलाला संधी मिळाली आणि एक वैज्ञानिक घडला. उरलेल्या जवळजवळ १,७०० जणांचे काय झाले, हे इतिहास सांगत नाही.

८/
अमेरिकेतही असेच घडले. १९२८ मध्ये रिचर्ड बर्ड यांच्या पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेत पॉल सायपल हा १९ वर्षांचा स्काउट निवडला गेला. तो परत आला, पण बर्फाने त्याला सोडले नाही. भूगोलाचे शिक्षण घेऊन सायपल पुन्हा पुन्हा अंटार्क्टिकात गेले. तिथल्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असलेली एक गोष्ट त्यांना सतावत होती. तापमापक तेच सांगतो, पण वारा सुटला की थंडी कितीतरी बोचरी होते. हे ‘कितीतरी’ मोजायचे कसे?

९/
१९४१ मध्ये ‘लिटल अमेरिका’ तळावर सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते उघड्यावर ठेवले आणि वाऱ्याच्या निरनिराळ्या वेगांत ते गोठायला किती वेळ लागतो, हे मोजले. १९४५ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आज हवामानाच्या बातम्यांत येणारा ‘विंड चिल’ हा निर्देशांक तिथून सुरू झाला. त्याची सूत्रे नंतर सुधारली गेली. नळकांडे, पाणी आणि घड्याळ, एवढ्यावर हा प्रयोग उभा होता. विज्ञानाचा आरंभ किती साध्या प्रश्नातून होतो! मात्र तो प्रश्न पडण्यासाठी त्या वाऱ्यात उभे राहावे लागले होते.

१०/
आता आवाजाचा काळ. १९३३ ते १९३५ या दुसऱ्या मोहिमेत बर्ड यांनी रेडिओचे सामान सोबत नेले आणि १९३४ मध्ये ‘लिटल अमेरिका’हून दर आठवड्याला कार्यक्रम प्रसारित होऊ लागला. लघुलहरींवरून आवाज ब्युनोस आयर्समार्गे न्यूयॉर्कला जाई आणि तिथून सीबीएसच्या जाळ्यातून अमेरिकेच्या घराघरांत पोहोचे. प्रायोजक होती न्याहारीचे पदार्थ विकणारी जनरल फूड्स कंपनी. तिने श्रोत्यांसाठी मोहिमेचा नकाशाही छापला. मुले नकाशा पसरून रेडिओसमोर बसत. डोळ्यांपुढे रेषा आणि कानांत बर्फावरचा आवाज, ही दुसरी पिढी.

११/
पण आवाज पोहोचला म्हणजे सत्य पोहोचलेच, असे नसते. १९३४ च्या हिवाळ्यात बर्ड तळापासून १०० मैलांहून अधिक दूर, एका गाडलेल्या खोपटात एकटेच राहून हवामानाच्या नोंदी घेत होते. शेगडी आणि इंजिन यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने ते विषबाधित झाले. ही गोष्ट त्यांनी आपल्या तळापासूनही लपवली. त्यांचे मोर्स संदेश विस्कळीत होऊ लागल्यावर सहकाऱ्यांना शंका आली आणि ऑगस्टमध्ये मदत पोहोचली. एकमार्गी प्रसारणातून बोलणाऱ्याला जे सांगायचे असेल तेवढेच बाहेर येते. श्रोत्याने उलट विचारण्याची सोय असली, की लपवणे थोडे अवघड होते.

१२/
१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष. त्याच्या तयारीत अमेरिकेने थेट भौगोलिक दक्षिण ध्रुवावर केंद्र उभारले आणि त्याला नाव दिले ॲमंडसन-स्कॉट. १९५७ च्या पहिल्या हिवाळ्यात तिथे राहिलेल्या १८ जणांचे वैज्ञानिक नेतृत्व कुणाकडे होते? पॉल सायपल यांच्याकडे! स्काउट म्हणून बर्फावर उतरलेला मुलगा आता ध्रुवावरच्या पहिल्या रहिवाशांपैकी एक झाला. तेव्हापासून ध्रुवावर माणसांची सतत वस्ती आहे. आता तिथे प्रश्नाला उत्तर देणारे कुणीतरी बारा महिने हजर होते. राहिला तो फक्त मार्ग.

१३/
आणि मार्गाच्या आड आली भूमिती. दूरचित्रवाणीचे बहुतेक उपग्रह भूस्थिर असतात. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किमी उंचीवर ते पृथ्वीच्या गतीनेच फिरतात, म्हणून आकाशात एका जागी थांबल्यासारखे दिसतात. मुंबईतून त्यांच्याकडे अँटेना रोखून ठेवता येतो. पण पृथ्वी गोल असल्यामुळे जसजसे ध्रुवाकडे जावे, तसतसा उपग्रह क्षितिजाकडे झुकतो आणि सुमारे ८१ अंश अक्षांशापलीकडे तो दिसेनासाच होतो. जगाला जोडणाऱ्या या दिव्यांच्या माळेचा उजेड ध्रुवापर्यंत पोहोचतच नाही.

१४/
यातून सुटका केली ती म्हाताऱ्या उपग्रहांनी. सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीने भूस्थिर उपग्रहाची कक्षा हळूहळू कलत जाते. तरुण उपग्रह इंधन जाळून ती सरळ राखतो. इंधन संपत आले की हे काम थांबवतात आणि उपग्रह रोज थोडा उत्तरेला, थोडा दक्षिणेला डोलू लागतो. दूरचित्रवाणीसाठी असा उपग्रह जवळजवळ निरुपयोगी ठरतो. पण तो दक्षिणेकडे कलला की ध्रुवाच्या क्षितिजावर काही तास उगवतो. जी खोड इतरांसाठी दोष, तीच ध्रुवासाठी वरदान! १९७८ मध्ये हवामानाच्या निरीक्षणासाठी सोडलेला गोज-३ उपग्रह असाच निवृत्तीनंतर ध्रुवाच्या सेवेत आला आणि २०१६ पर्यंत उपयोगी पडला.

१५/
याच निवृत्तांच्या मालिकेतले दुसरे नाव टीडीआरएस-१. एप्रिल १९८३ मध्ये ‘चॅलेंजर’ यानाने आपल्या पहिल्याच उड्डाणात त्याला अवकाशात नेले. १९९८ पासून सुमारे दशकभर त्याने दक्षिण ध्रुवाला वेगवान इंटरनेट पुरवले. या यानाची आणि उपग्रहाची गोष्ट सांगताना क्षणभर बर्फावरून बाजूला व्हावे लागते. कारण ज्या यानाने हा उपग्रह नेला, त्याच यानातून जगातील सर्वांत महत्त्वाकांक्षी आभासी क्षेत्रभेट निघाली होती.

१६/
२८ जानेवारी १९८६. ‘चॅलेंजर’मध्ये क्रिस्टा मॅकऑलिफ या शाळाशिक्षिका होत्या. त्या अवकाशातून देशभरातील वर्गांसाठी दोन थेट पाठ घेणार होत्या. त्यांतल्या एका पाठाचे नावच होते ‘द अल्टिमेट फील्ड ट्रिप’, म्हणजे परमोच्च क्षेत्रभेट. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान कोसळले आणि सातही अंतराळवीर मरण पावले. अनेक शाळांतील मुले ते दृश्य थेट पाहत होती. त्या यानात टीडीआरएस मालिकेतील पुढचा उपग्रहही होता. तोही नष्ट झाला. १९१३ नंतर पुन्हा एकदा दूरवरचे मरण वर्गात आले. या वेळी ते गोष्टीतून आले नाही, डोळ्यांसमोर घडले.

१७/
या आघातानंतरही कल्पना मेली नाही. समुद्रशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅलार्ड यांच्या पथकाने १९८५ मध्ये ‘टायटॅनिक’चे अवशेष शोधले, तेव्हा त्यांच्याकडे मुलांच्या पत्रांचा ढीग लागला. पुढच्या वेळी आम्हालाही यायचे आहे, असा त्या पत्रांचा सूर होता. सर्वांना पाणबुडीत नेणे शक्यच नव्हते. १९८९ मध्ये बॅलार्ड यांनी ‘जेसन प्रोजेक्ट’ सुरू केला. समुद्रतळावरच्या यंत्राने टिपलेली दृश्ये उपग्रहामार्गे थेट मुलांपर्यंत आणायची आणि मुलांना त्या शोधकार्यात सामील करून घ्यायचे, ही त्यामागची योजना. १,७०० मुलांतून दोन निवडण्याच्या पद्धतीला हे उत्तर होते.

१८/
आणि मग बर्फाची पाळी आली. ‘पासपोर्ट टू नॉलेज’ या अमेरिकी शैक्षणिक उपक्रमाने १९९४-९५ च्या अंटार्क्टिक उन्हाळ्यात ‘लाइव्ह फ्रॉम अंटार्क्टिका’ ही थेट कार्यक्रमांची मालिका केली. जानेवारी १९९५ मध्ये तिच्यातून दक्षिण ध्रुवावरचे थेट चित्र वर्गांपर्यंत पोहोचले. स्कॉट ध्रुवावर पोहोचले १७ जानेवारी १९१२ रोजी, आणि ते वाचले नाहीत हे जगाला कळले फेब्रुवारी १९१३ मध्ये. तेरा महिन्यांचे ते अंतर आता क्षणांवर आले होते.

१९/
पण माझ्या मते त्या मालिकेतील खरा नवा शोध चित्राच्या बाजूला, कमी झगमगाटात होता. कार्यक्रमाच्या आगेमागे मुले संशोधकांना ईमेलने प्रश्न पाठवू शकत होती आणि बर्फावर काम करणारी माणसे त्यांना उत्तरे देत होती. संशोधक आपल्या रोजनिशीची पानेही मुलांसाठी मांडत. यंत्र बंद पडले, हवामान बिघडले, वाट पाहावी लागली, हेही त्यांत असे. पाँटिंग यांच्या पडद्याला आणि बर्ड यांच्या रेडिओला जे जमले नव्हते, ते इथे घडले. प्रश्नावली बर्फावर पोहोचली.

२०/
हा बदल इतका मोलाचा का? वीरगाथेत फक्त शेवट महत्त्वाचा असतो. ध्रुव गाठला की नाही, एवढेच आपण विचारतो. विज्ञानाचा मात्र बहुतेक वेळ मधल्या पायऱ्यांवर जातो. आज नमुना मिळाला नाही, उद्या पुन्हा छिद्र पाडू, ही त्याची दिनचर्या. ती मुलांना दिसली की वैज्ञानिक म्हणजे कुणी अतिमानव, हा समज गळून पडतो. ‘हाताला थंडी वाजते तेव्हा लिहिता कसे?’ असा एखादा भाबडा प्रश्नही उपकरणे, उष्णता आणि मानवी शरीर यांच्या गाभ्यापर्यंत जातो. सायपल यांचा प्रश्न तरी याहून वेगळा कुठे होता?

२१/
२००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष सुरू झाले, त्याच सुमारास अमेरिकेत ‘पोलरट्रेक’ हा कार्यक्रम आकाराला आला. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे अनुदान आणि आर्कस या आर्क्टिक संशोधन संस्थेचे व्यवस्थापन. त्यात शाळेतील शिक्षक काही आठवडे ध्रुवीय प्रदेशात संशोधकांच्या पथकासोबत राहत, हाताने काम करत, रोज नोंदी लिहीत आणि तिथूनच आपल्या वर्गाशी थेट बोलत. पडद्यावर अनोळखी तज्ज्ञ दिसण्याऐवजी आपल्याच बाई किंवा सर बर्फात उभे! मॅकऑलिफ यांच्या अपुऱ्या राहिलेल्या पाठाचा हा एक दूरचा वारसा म्हणता येईल.

२२/
आज दक्षिण ध्रुवाच्या बर्फात ‘आइसक्यूब’ ही न्यूट्रिनो वेधशाळा आहे. २०१० च्या डिसेंबरमध्ये ती पूर्ण झाली. ८६ तारांवर ५,१६० संवेदक बर्फात १,४५० ते २,४५० मीटर खोलीवर गोठवलेले आहेत. एक घन किलोमीटर बर्फ हेच तिचे भिंग. न्यूट्रिनो बर्फातील अणूंवर आदळल्यावर निघणारी निळसर चमक हे संवेदक टिपतात. इथले संशोधकही ध्रुवावरून शाळांशी थेट संवाद साधतात. एक गंमत पाहा : ही वेधशाळा वरून जवळजवळ दिसतच नाही. नुसत्या चित्राने इथे काहीच कळणार नाही. इथे विचारावेच लागते.

२३/
आभासी क्षेत्रभेटीचे गुणगान करताना तिच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. पडद्यातून थंडी येत नाही. नाकपुड्यांत गोठणारा श्वास आणि वाऱ्याचा धक्का वर्गात पोहोचवता येत नाही. शिवाय ज्या शाळेत वीज आणि इंटरनेट भरवशाचे नाहीत, तिथे हे दार अजून बंदच आहे. पूर्वी निवड बालवीरांची होत असे, आता ती नकळत जोडणीची होते. आणि मुलांना केवळ पाहण्यापुरते बसवून ठेवणारा थेट कार्यक्रम तांत्रिकदृष्ट्या कितीही झगमगीत असला, तरी १९२४ च्या मूकपटाच्या पुढे गेलेला नसतो.

२४/
आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ हे जहाज निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील २१ जणांची पहिली भारतीय मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र उभे राहिले आणि १९८४ मध्ये तिथे टपाल कार्यालय सुरू झाले, तेही गोवा टपाल विभागाच्या अधिपत्याखाली. १९९० मध्ये ‘मैत्री’ केंद्रावर दुसरे आले. भारतातील हौशी संग्राहक आपली पत्रे पाठवत. ती जहाजाने बर्फावर जात आणि तिथला शिक्का लागून परत येत.

२५/
एप्रिल २०२४ मध्ये ‘भारती’ केंद्रावर तिसरे टपाल कार्यालय उघडले आणि त्याला प्रायोगिक पिन कोड मिळाला एमएच-१७१८. गोवा हा महाराष्ट्र टपाल परिमंडळाचा भाग असल्यामुळे अंटार्क्टिकाच्या पत्त्यावर ‘एमएच’ ही अक्षरे आली! वर्षाकाठी जहाज जाणार, तेव्हा पत्र जाणार आणि येणार. इंटरनेटच्या काळात ही संथ गती हास्यास्पद वाटेल. पण तत्त्व तेच आहे. त्या रस्त्यावरून एक शब्द तिकडे जाऊ शकतो आणि एक शब्द इकडे येऊ शकतो. देशाचे ध्रुवीय संशोधन सांभाळणारी संस्था, एनसीपीओआर, तीही गोव्यात वास्कोला आहे.

२६/
आणि आता ते दगड. स्कॉट यांच्या स्लेजवरच्या ठशांत सीवर्ड यांना जी जात ओळखू आली, तिचे नाव ग्लॉसॉप्टेरिस इंडिका. इंडिका, म्हणजे भारतातली! ही पाने आपल्याकडच्या कोळशाच्या थरांतून आधीच परिचित होती. १८५० च्या दशकात नागपूरच्या परिसरात स्टीफन हिस्लॉप यांनी जीवाश्म गोळा केले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. १८६१ मध्ये चार्ल्स बनबरी यांनी त्या संग्रहातील वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात ग्लॉसॉप्टेरिसही होती. मध्य भारतातील गोंडवन प्रदेशावरूनच एडुआर्ड झ्यूस यांनी प्राचीन दक्षिण भूखंडाला ‘गोंडवनलँड’ हे नाव दिले. स्कॉट ध्रुवाजवळ असताना, जानेवारी १९१२ मध्येच, आल्फ्रेड वेगेनर खंडांच्या सरकण्याची कल्पना जर्मनीत मांडत होते.

२७/
म्हणजे १९१३ च्या त्या वर्गांत वीरगाथेबरोबर एक दगडही फिरवला असता, तर एखाद्या मुलाने विचारले असते : हे पान बर्फात आले कुठून? आणि उत्तराचा एक भाग नागपूर-कामठीच्या खडकांत सापडला असता. आज हा प्रश्न विचारण्याची सोय आहे. कामठी, वणी, चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातील एखादा वर्ग ध्रुवीय संशोधकाशी बोलेल, तेव्हा त्याने केवळ ‘तिकडे किती थंडी आहे?’ एवढ्यावर थांबू नये. आपल्या खडकातल्या पानाचे चित्र त्याला दाखवावे आणि म्हणावे, हे आमच्याकडेही आहे, तुमच्याकडचे दाखवा. ज्याच्याजवळ दाखवण्यासारखे काही आहे, तो केवळ प्रेक्षक उरत नाही.

२८/
स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स यांनी ते १६ किलो ओझे शेवटपर्यंत ओढले, कारण ते कुणीतरी पाहावे आणि त्यावर विचार करावा, असे त्यांना वाटत असावे. त्यांच्या मरणाची गोष्ट आपण शतकभर सांगितली. त्यांच्या दगडांची सांगायला उशीर झाला. मित्रहो, तुमच्या शाळेत अशी एखादी आभासी क्षेत्रभेट झाली असेल, तर तुम्ही कोणता प्रश्न विचारला होता, हे खाली जरूर लिहा. झाली नसेल, तर कोणता विचाराल, हे लिहा. प्रश्नावली आधी तयार असलेली बरी. धागा इथे संपतो.